एका संध्याकाळची तीन मते

एकाच संध्याकाळी, एकाच चित्रपटाविषयी मी तीन माणसांना तीन वेगवेगळी मते सांगितली. तिन्ही वेळा आपण खोटे बोलत आहोत असे मला वाटले नाही. तिन्ही वेळा आपण पुरते खरेही बोललो नाही, हे ध्यानात यायला मात्र तीन-चार आठवडे जावे लागले. गोष्ट तशी क्षुल्लक आहे. चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस काही शपथेवर बोलत नसतो. परंतु शपथेवर बोलताना आपण सावध असतो. आपला खरा स्वभाव कळतो तो अशा बेसावध बोलण्यातूनच. म्हणून या क्षुल्लक गोष्टीचा थोडा विचार करावासा वाटतो.

चित्रपट होता 'छावा'. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकरांनी तो हिंदीत केला आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तो प्रदर्शित झाला. पुढल्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने तिकिटे काढली. खेळ संपला तेव्हा अर्धे प्रेक्षागृह उभे होते, घोषणा चालू होत्या, आणि एका बापाच्या कडेवर छोट्या मावळ्याच्या वेषातले मूल गाढ झोपलेले होते. जिना उतरताना पुतण्याने विचारले, "काका, कसा वाटला?" त्याचे डोळे लाल झाले होते. मी म्हणालो, "अरे, सुन्न झालो." हे माझे पहिले मत.

घरी आलो तो एका मित्राचा फोन आला. हे गृहस्थ इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. सनावळीच्या बाबतीत ते सख्ख्या भावालाही सूट देत नाहीत. त्यांना मी सांगितले, "गोंगाट फार. दोन तास तोफा आणि अर्धा तास यातना. इतिहास शोधायला जाल तर हाती फारसे लागायचे नाही." ते हसले. हे दुसरे मत.

रात्री पैठण गेटकडून येताना नेहमीप्रमाणे हिमरूवाल्या मित्राच्या दुकानात टेकलो. आम्ही एका वर्गातले. त्याच्या घरात तीन पिढ्या हिमरूचा व्यापार आहे, आणि ईदचा शिरखुर्मा व आमच्याकडचा दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण दोन पिढ्या चालू आहे. शाली घडी करता करता त्याने विचारले, "काय, पाहून आलास म्हणे?" मी म्हणालो, "हो. काही विशेष नाही रे. नाही पाहिलास तरी चालेल." हे तिसरे मत.

आता कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? माणूस पाहून बोलणे यालाच जग शहाणपण म्हणते. लग्नाच्या पंगतीत यजमानाने "मठ्ठा कसा झालाय?" असे विचारले, तर तो आंबट झाला आहे असे कोणी सांगत नाही. सत्य आणि प्रिय यांची सांगड घालावी हा तर जुना उपदेश आहे. पण मला हे उत्तर पुरे पडेना. मठ्ठ्याच्या बाबतीत आपण यजमानाचे मन राखतो, कारण मठ्ठा त्याने केलेला असतो. हा चित्रपट ना माझ्या पुतण्याने केलेला होता, ना प्राध्यापकांनी, ना हिमरूवाल्याने. मग मी मन कोणाचे राखत होतो? चित्रपटकर्त्याचे तर खासच नव्हे; तो माझ्या मताची वाट पाहत बसला नव्हता.

आपण चित्रपट पाहून आल्यावर मित्राला मत सांगतोच कशासाठी, हाही एक कोडेच आहे. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० सालच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक भेद केला आहे. 'मला हे रुचते' असे म्हणणारा माणूस फक्त स्वतःविषयी बोलतो. पण 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा माणूस जणू सर्वांच्या वतीने बोलतो आणि सर्वांनी होकार द्यावा अशी अपेक्षा करतो. मला भेंडी आवडत नाही यावर मित्राशी भांडण होत नाही. मला आवडलेला चित्रपट त्याला आवडला नाही, तर मात्र आतून काहीतरी दुखावते. मत सांगणे म्हणजे आपल्या शेजारी जागा करून मित्राला 'ये, इथे बसून पाहा' असे बोलावणे असते. त्या संध्याकाळी मी तिघांना तीन वेगळ्या जागी बसवले, आणि तिघांपैकी एकाही ठिकाणी मी स्वतः धड बसलो नव्हतो.

त्यातून प्रचंड विस्ताराच्या चित्रपटाची गोष्ट आणखी निराळी. ॲरिस्टॉटलने काव्याची चर्चा करताना म्हटले आहे की, हजार मैल लांबीचा एखादा प्राणी असलाच तर तो सुंदर आहे की नाही हे सांगता येणार नाही. कारण तो एका दृष्टीत मावायचाच नाही. ज्यात राज्ये उठतात आणि कोसळतात, शेकडो माणसे लढतात आणि मरतात, अशा चित्रपटाचे असेच होते. तो सबंध कोणालाच दिसत नाही. प्रत्येकजण आपल्या वाट्याचा तुकडा घरी नेतो आणि त्यालाच चित्रपट म्हणतो.

याचा अनुभव आम्हा चौघा मित्रांना फार पूर्वी आला होता. चौथा मित्र बँकेतून निवृत्त झालेला. त्याचा उल्लेख पुढे येणारच आहे. 'मुघल-ए-आझम' ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात प्रथम झळकला. आम्ही तो पाहिला बऱ्याच वर्षांनी, याच गावात, पुन्हा लागला तेव्हा. सव्वातीन तासांचा तो पसारा. बँकवाल्याच्या मनात राहिला तो शीशमहाल आणि काळ्यापांढऱ्या चित्रपटात एकाएकी उमललेला रंग. हिमरूवाला पुढे कित्येक महिने त्यातले संवाद घोळवीत असे. उर्दूचा डौल आम्हांला त्याने शिकवला. प्राध्यापक त्या वयातही विचारीत होते की अनारकलीला इतिहासात आधार काय. आणि मला आठवत राहिला तो पुत्रासाठी नवस बोलायला अनवाणी वाळवंट तुडवीत निघालेला अकबर. चौघांनी चार चित्रपट पाहिले होते. त्यावर आम्ही वर्षानुवर्षे भांडलो, आणि त्या भांडणाने चौघांचाही चित्रपट थोडा थोडा वाढत गेला. मित्रांशी मतांची देवाणघेवाण करण्याचा खरा उपयोग हाच, असे मला आज वाटते. एका दृष्टीत न मावणारी गोष्ट चार दृष्टींनी पाहता येते.

मग 'छावा'च्या वेळी असे का झाले नाही? 'मुघल-ए-आझम'मध्ये इतिहास कमी आणि कल्पना जास्त; तरी त्यावरून आमच्यात कधी कटुता आली नाही. कारण उघड आहे. अनारकली आमच्यापैकी कोणाचीच कोणी लागत नव्हती. अकबराच्या त्या नवसात आमचे काही गुंतलेले नव्हते. अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी रसास्वादाच्या आड येणारी विघ्ने सांगितली आहेत. त्यांत एक विघ्न असे की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. आणि दुसरे असे की समोर घडणारे हे माझे आहे, हे त्याचे आहे, हे याच स्थळाचे आणि याच काळाचे आहे, ही जाणीव त्याच्या मनातून सुटत नाही. ती सुटली तरच साधारणीकरण होते, म्हणजे रंगमंचावरचे दुःख कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते.

आमच्या गावात ही जाणीव सुटावी कशी? १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावी हे शहर वसवले. त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटले, दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने १६५३ साली त्याला स्वतःचे नाव दिले, आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या दोन माणसांचा संघर्ष पडद्यावर चालला होता, त्या दोघांचीही नावे या एकाच शहराने धारण केलेली. गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर खुलताबाद. तिथे १७०७ साली अहमदनगरजवळ वारलेल्या औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आहे. खुलताबादेहून घाट उतरून चार-पाच किलोमीटर गेले की वेरूळ. वेरूळ हे भोसल्यांचे मूळ गाव. तिथल्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला, आणि मालोजीराजे म्हणजे संभाजीराजांचे पणजोबा. एकाच्या पूर्वजांचे घर आणि दुसऱ्याची कबर यांच्यामध्ये माणूस तासाभरात चालत जाईल एवढेच अंतर! दूरच्या गावी हा चित्रपट ऐतिहासिक असेल. आमच्याकडे तो शेजारचा होता.

म्हणूनच जिन्यावर माझ्या पुतण्याला मी जे सांगितले त्याची मला लाज वाटत नाही. मी खरोखरच सुन्न झालो होतो. संगमेश्वरी १६८९ च्या फेब्रुवारीत पकडलेला आणि ११ मार्चला हाल हाल करून मारलेला राजा ज्याला ठाऊक आहे, असा मराठी माणूस डोळ्यांत पाणी घेऊनच प्रेक्षागृहात शिरतो. चित्रपट त्याला वाट करून देतो, एवढेच. पण ते पाणी चित्रपटाने निर्माण केलेले नसते. ते चित्रपटाने उसने घेतलेले असते. हा भेद मला जिन्यावरही कळत होता आणि तो मी पुतण्याला सांगितला नाही. त्याची समजूत अशी की चित्रपटाला नावे ठेवणे म्हणजे महाराजांना नावे ठेवणे. मूर्तिकार कच्चा असला म्हणून देव कच्चा ठरत नाही, हे आपण देवळात सहज मान्य करतो. प्रेक्षागृहात मात्र विसरतो.

उलट प्राध्यापकांशी बोलताना मी दोष तेवढे सांगितले आणि माझे डोळे पाणावले होते ही गोष्ट गिळून टाकली. का? विद्वान माणसापुढे रडलो असे सांगायची लाज वाटली. त्यांनी मला अनेकदा ऐकवले आहे की, जुन्या बखरींनी संभाजीराजांना उच्छृंखल ठरवले आणि नाटककारांनी तेच चित्र पुढे रंगवले. ते पुसायला वा. सी. बेंद्र्यांना कागदपत्रांच्या राशींत वर्षानुवर्षे बसावे लागले. त्यांचा ग्रंथ आला १९६० साली, म्हणजे ज्या वर्षी 'मुघल-ए-आझम' आला त्याच वर्षी. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणाऱ्या राजाविषयीचे लोकांचे मत सुधारायला पावणेतीनशे वर्षे लागली. चित्रपटाविषयीचे मत मात्र आपल्याला वाहनतळावर पोहोचेपर्यंत हवे असते. किंबहुना या चित्रपटाच्या बाबतीत तेवढाही धीर कोणाला धरवला नाही. महाराज लेझीम खेळतानाचे दृश्य झलकेतच दिसल्यावर वाद झाला आणि प्रदर्शनापूर्वीच ते वगळण्यात आले. चित्रपट कोणी पाहिलेला नव्हता, मते मात्र तयार होती.

म्हणजे पुतण्यापाशी मी माझी बुद्धी लपवली आणि प्राध्यापकांपाशी माझे हृदय. हिमरूवाल्यापाशी मी काय केले? तिथे मी दोन्ही लपवले. 'काही विशेष नाही' हे वाक्य माझ्या अनुभवाविषयीही नव्हते आणि चित्रपटाविषयीही नव्हते. ते त्याच्याविषयी होते. त्याला त्रास होऊ नये, त्याने तिकडे फिरकू नये, आमच्यात तो विषयच निघू नये, एवढ्यासाठी ते होते. त्या वेळी मला ते सौजन्य वाटले. रात्री झोपही चांगली लागली.

पुढे मार्च उजाडला. खुलताबादेच्या कबरीवरून आरोळ्या सुरू झाल्या, तिथला बंदोबस्त वाढला. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. विधानसभेतल्या चर्चेतही या चित्रपटाचे नाव निघाले. त्या दिवसांत 'चित्रपट पाहिलास का?' हा प्रश्न चित्रपटाविषयीचा राहिलाच नाही. तो 'तू कोणाचा?' असा प्रश्न झाला. मत हे मत न राहता ओळखपत्र झाले, आणि ते लोक एकमेकांकडे रस्त्यात मागू लागले.

अशाच एका संध्याकाळी मी दुकानात बसलो असताना हिमरूवाला एकदम म्हणाला, "मी पाहिला."

"केव्हा?"

"झाले बरेच दिवस. दुपारच्या खेळाला. एकटाच गेलो."

"मग कसा वाटला?" पुतण्याने मला विचारलेला प्रश्न मीच विचारीत होतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? सिनेमा मी पाहिलाच नाही. मी थिएटर पाहत होतो. पुढच्या रांगेतला माणूस उठला की माझं लक्ष त्याच्याकडं. कुणी ओरडलं की कान तिकडं. शेवटचा अर्धा तास तर मी दरवाजाच पाहत होतो. तसं कुणी काही केलं नाही बरं का. शेजारच्या पोरानं उलट मला पॉपकॉर्न विचारले. पण आपलं डोकं जागेवर नव्हतं."

काय बोलावे ते मला सुचेना. मी म्हणालो, "म्हणून तर मी तुला म्हटलं होतं, नाही पाहिलास तरी चालेल."

"तेच तर!" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता; हातातली शाल मात्र त्याने खाली ठेवली. "तू पाहिला होतास. नीट, निवांत बसून. मला वाटलं, तू सांगशील काय आहे त्यात. एवढी माणसं रडत बाहेर येतात, अन् तू म्हणतोस विशेष नाही? तू मला सिनेमाबद्दल काही सांगितलंच नाहीस. तू मला सांभाळून घेतलंस. सांभाळतात ते पाहुण्याला. मी पाहुणा आहे का रे?"

या प्रश्नावर मला आजही उत्तर देता आलेले नाही. पण त्या प्रश्नाने मला माझ्या तिसऱ्या मताचा खरा अर्थ समजला.

आपण नेहमी म्हणतो की मत ज्याचे त्याचे असते. ते खरे आहे. परंतु मताची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. 'मला हा चित्रपट आवडला नाही' हे एकच वाक्य घ्या. ते मी म्हटले तर तो अभिरुचीचा प्रश्न होतो. प्राध्यापकांनी म्हटले तर ती विद्वत्ता ठरते. माझ्या पुतण्याने म्हटले तर त्याचे मित्र त्याला शिष्ट म्हणतील. आणि हिमरूवाल्याने म्हटले तर? तर ते वाक्य चित्रपटाविषयी आहे असे कोणी मानणारच नाही. बरे, त्याने 'आवडला' म्हटले तरी सुटका नाही; कोणी म्हणेल भीतीने बोलतो आहे, कोणी म्हणेल गोड बोलतो आहे. गप्प राहिला तर 'गप्प का?' म्हणतील. त्याच्यासाठी एकही वाक्य शिल्लक नव्हते. कायद्याने दिलेले मतस्वातंत्र्य त्यालाही माझ्याइतकेच आहे. पण उच्चारलेल्या वाक्याचा उच्चारला तेवढाच अर्थ घेतला जावा, हे स्वातंत्र्य कायदा देऊ शकत नाही. ते फक्त मित्र देऊ शकतात.

आणि नेमके तेच मी त्याला दिले नव्हते. मला बोचते ते हे. रस्त्यात त्याच्याकडे संशयाने पाहणारा माणूस त्याला प्रेक्षक मानायला तयार नव्हता. तो त्याला एका समाजाचा माणूस म्हणून पाहत होता. आणि मी, त्याचा बालमित्र, मीही त्याला प्रेक्षक मानला नाही. मीही त्याला त्या समाजाचा माणूस म्हणूनच जपला. एकाच्या मनात आकस होता आणि दुसऱ्याच्या मनात माया, हा फरक मोठा आहे. तो मी नाकारीत नाही. परंतु खुर्चीवर बसून निवांतपणे एक गोष्ट पाहण्याचा त्याचा साधा हक्क दोघांनीही हिरावून घेतला. ज्याने मला उर्दू संवादांचा डौल शिकवला, त्याच्या नजरेतून हा चित्रपट पाहण्याची संधी मीही गमावली.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे जमलो तेव्हा मी ठरवून विषय काढला. बँकवाल्याने चित्रपट तीनदा पाहिला होता, शेवटच्या वेळी नातवाला घेऊन. त्याने भरभरून सांगितले. मग हिमरूवाल्याने, मला सांगितले होते ते सगळे पुन्हा सांगितले. बँकवाला दुखावला. "म्हणजे आम्ही घोषणा दिल्या ते चुकलं म्हणायचं का तुला?"

"चुकलं नाही म्हणत," हिमरूवाला म्हणाला. "मला कसं ऐकू आलं ते सांगतोय."

तेवढ्यात प्राध्यापकांनी चित्रपटातल्या घटनांची मोजदाद सुरू केली. बँकवाला त्यांच्यावर उसळला, "तुम्हाला एकदा तरी भरून आलं का, ते सांगा!" प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "भरून येणे हा पुरावा नव्हे." त्यावर बँकवाला चहा तसाच टाकून उठला आणि पुढचे दोन रविवार आला नाही. म्हणजे खरे बोलण्याने मैत्री लगेच फुलते वगैरे काही घडले नाही. खरे बोलल्याने एक कप चहा गार झाला आणि दोन रविवार फुकट गेले. तिसऱ्या रविवारी तो आला तो बेंद्र्यांचा ग्रंथ काखेत मारून. "टाइप फार बारीक आहे हो," एवढेच तो प्राध्यापकांना म्हणाला. कोणी काही विचारले नाही.

मित्राला मत कसे सांगावे याचा एक मोठा दाखला आमच्या मराठवाड्यातच आहे. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावना आहे. शिवचरित्रासारखा प्रत्येकाच्या काळजाचा विषय. आणि त्यावर लिहिणाऱ्या मित्राशी कुरुंदकर साधनांविषयी आणि कादंबरीकाराच्या स्वातंत्र्याविषयी मोकळेपणी वाद घालतात. भक्ती आहे म्हणून ते तर्क सोडत नाहीत आणि तर्क आहे म्हणून भक्तीला हसत नाहीत. देसाईंनीही तो वाद दडवला नाही. आपल्या ग्रंथाच्या दारातच त्याला मानाने बसवले. याच शहरात १९८२ साली, व्यासपीठावरच, कुरुंदकरांचे निधन झाले. समोरच्या माणसाला न दुखावता बोलण्यापेक्षा त्याला आपल्या बरोबरीचा मानून बोलणे हा अधिक मोठा आदर आहे, हे त्यांच्या लेखनातून शिकावे.

मग प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, सगळेच सांगावे काय? मला तसे वाटत नाही. पुतण्याचे डोळे ओले असताना जिन्यावर मी चित्रपटाचे दोष काढत बसलो असतो, तर तो सत्याचा नव्हे, माझ्या घमेंडीचा विजय झाला असता. प्रत्येक सत्याला आपली वेळ असते. पण आज न सांगितलेले उद्या सांगायचे बाकी राहते, हे विसरता कामा नये. आपण पाहिलेले हे आपल्याकडे मित्राचे देणे असते. ते चार दिवस थांबवता येईल, बुडवता येणार नाही. पुतण्याचे देणे मी उशिरा का होईना फेडले. त्याला म्हणालो, "मी रडलो, आणि तरीही तो चित्रपट मला बटबटीत वाटला." तो गोंधळून म्हणाला, "दोन्ही एकदम कसं काय?" मी म्हणालो, "दोन्ही." त्याला ते अजून पटलेले नाही. पटावेच असा माझा आग्रहही नाही.

आता मागे वळून पाहताना जाणवते की माझी मते तीन होती हा माझा दोष नव्हता. एवढ्या अफाट चित्रपटाविषयी एका माणसाची तीन काय, तेरा मते असू शकतात. दोष असा होता की प्रत्येकाला मी नेमके तेवढेच सांगितले, जे त्याला ऐकायला सोपे होते. तिन्ही मते तिघांनाही सांगितली असती, तर ते एक मत झाले असते.

श्रावणात एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हते. हिमरूवाल्याने दोन चहा सांगितले, शटर अर्धे खाली ओढले आणि म्हणाला, "हां, आता सांग. पहिल्यापासून." मी पहिल्यापासून सांगू लागलो. जिथे रडलो तिथे रडलो म्हणून सांगितले, जिथे कंटाळलो तिथे कंटाळलो म्हणून. मधे मधे तो अडवीत होता, विचारीत होता. एके ठिकाणी तो म्हणाला, "थांब, हे तर मला दिसलंच नव्हतं." चहा आणखी दोनदा मागवावा लागला. शटर वर केले तेव्हा रात्र बरीच झाली होती.